राजवाड्याची डबी कमरेखाली नेऊ नये

आमच्या था-मुआंग गावात कुणाचं पोट साफ झालं आणि कुणाचं अडलं, हे खामपुनला ठाऊक नाही असा दिवस उगवत नाही. गावची आरोग्य स्वयंसेविका म्हणून तालुक्याच्या दवाखान्याने तिला एक निळी पिशवी आणि एक वजनकाटा दिला. बाकीचे अधिकार तिने स्वतःच घेतले. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मनगटावर आशीर्वादाचा दोरा बांधता बांधता तिने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय रे, परसाकडं नीट होतंय ना?" नवरीला हसू आवरेना, आणि तिची सासू आजतागायत खामपुनशी धड बोलत नाही.

माझं दुकान विहाराच्या फाटकासमोर आहे. मीठ, साबण, बर्फ, जाळ्याचा दोरा असं सगळं मी विकते, आणि खामपुन तिथे दिवसभर फुकटात बसलेली असते. आम्ही दोघी एका वयाच्या, एकाच नदीत पोहायला शिकलेल्या. तिच्याबद्दल दुसऱ्या कुणी सांगितलं तर चुकीचंच सांगेल, म्हणून मी सांगते.

तिच्या या वेडामागचं कारण मात्र हसण्यासारखं नाही. ची नावाच्या नदीकाठचे आम्ही लोक मासा कच्चा खातो. ताजा मासा बारीक चिरायचा, त्यात लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड, मिळाल्या तर लाल मुंग्या, आणि मग चिकट भाताचा गोळा त्यात बुडवून तोंडात टाकायचा. कोई-प्ला म्हणतात त्याला. नुसतं नाव घेतलं तरी माझ्या तोंडाला पाणी सुटतं, काय करणार! पण त्या माशात डोळ्यांना न दिसणारा एक किडा असतो. तो माणसाच्या यकृतात जाऊन बसतो, वर्षानुवर्षं आयतं खातो आणि कुणाकुणाला शेवटी कॅन्सर देऊन जातो. खामपुनचा बाप तसा गेला. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं आणि संपला. मग तिचा थोरला भाऊ अगदी तसाच गेला. उरला धाकटा, सीथोन. गावात त्याच्यासारखं जाळं कुणी फेकत नाही, आणि त्याच्यासारखं कोई-प्लाही कुणी बनवत नाही. थोरल्याच्या चितेपाशी खामपुन मला म्हणाली होती, "पेंग, हा धाकटा मी जाऊ देणार नाही. वाटेल ते झालं तरी नाही."

सीथोनला तपासायला न्यायचं म्हणजे मात्र महाकठीण. दवाखान्याचं नाव काढलं की त्याला जाळं शिवायचं असायचं, होडी रंगवायची असायची, नाहीतर एकदम विहारात पुण्य करायचं असायचं. एरवी तो विहाराकडे फिरकतसुद्धा नसे.

त्या वर्षी राजवाड्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका संशोधन संस्थेने या किड्याचा अभ्यास करायला आमचं गाव निवडलं. बँकॉकहून डॉक्टर पिमदाव आली, वयाने लहान, चष्म्यातून सगळ्यांकडे नीट बघून बोलणारी. तिने खामपुनकडे खोकेभर पांढऱ्या डब्या दिल्या. प्रत्येक घरातल्या मोठ्या माणसाने शौचाचा नमुना त्या डबीत भरायचा, पुढच्या आठवड्यात गाडी येऊन घेऊन जाणार. प्रत्येक डबीवर चिकटवलेला कागद होता, आणि त्या कागदावर सोनेरी रंगात राजचिन्ह.

खामपुनचा आनंद गगनात मावेना. तिने तडक विहाराचा भोंगा गाठला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पुकारलं, "राजवाड्याकडून आपल्या गावाला भेट आली आहे! आंघोळी करून, चांगले कपडे घालून या!"

इथेच सगळं बिनसलं, पण ते तेव्हा कुणाला कळलं?

लोक रेशमी वस्त्रं नेसून आले. म्हाताऱ्यांनी खांद्यावर धुतलेली उपरणी टाकली. प्रत्येकाने गुडघे टेकून दोन्ही हातांनी डबी घेतली, कपाळाला लावली आणि छातीशी धरून घरी नेली. मीही नेली. बुद्धमूर्तीच्या खालच्या फळीवर, राजाच्या तसबिरीशेजारी ठेवली आणि पुढ्यात चमेलीची माळ घातली. छान दिसत होती.

गाडी आली त्या सकाळी खामपुन बर्फाची पेटी घेऊन विहाराच्या पायरीवर बसली. बर्फ माझ्याच दुकानातला. ऊन चढलं, बर्फ वितळला, पेटीत एकही डबी पडली नाही. डॉक्टर पिमदाव तीनतीनदा घड्याळ बघत होती. तिचा ड्रायव्हर थवी गाडीच्या सावलीत घोरत होता.

"मावशी, लोकांना यायचं नाही का?" डॉक्टर हळूच म्हणाली. "नसेल तर जबरदस्ती नाही. शेजारचं गाव घेता येईल मला."

"नका हो असं करू!" खामपुनने तिचे हातच धरले. "परवा या. फक्त परवा. तोवर या गावाला मी सरळ करते."

डॉक्टर गेली आणि खामपुन माझ्या दुकानात शिरली ती वादळासारखी.

"पेंग! तुझी डबी कुठाय?"

"देव्हाऱ्यात."

"देव्हाऱ्यात? अगं, ती काय पुजायला दिली होती?"

"मग काय करणार? त्यावर राजचिन्ह आहे. ते घेऊन मी संडासात जाऊन बसू? कमरेखाली न्यायची वस्तू आहे का ती?"

खामपुन मटकन तांदळाच्या पोत्यावर बसली.

"तुझी कुठे आहे?" मी विचारलं.

"देव्हाऱ्यातच," ती म्हणाली. "मला वाटलं, आधी थोडे दिवस पूजेत ठेवू, मग बघू." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की गिऱ्हाईक साबण न घेताच निघून गेलं.

घरोघर तेच. कुणी डबीपुढे उदबत्ती लावलेली, कुणी तिला जाळीची टोपी विणलेली. एका म्हातारीने तर आपली डबी लॉटरीच्या तिकिटावर ठेवली होती. कुणाचाही नकार नव्हता, सगळे तयार होते, फक्त त्या डबीत ते काम करायची कुणाची छाती होत नव्हती.

सीथोनला तर घबाडच मिळालं. तो होडीत उभा राहून, हात जोडून, सगळ्या काठाला ऐकू जाईल असं बोलला, "ताई, तू म्हणशील तर मी नदीत उडी मारतो. पण त्या डबीत? मी? ज्यांच्या कृपेने आपण दोन घास खातो त्यांच्या चिन्हावर? माझ्या सात पिढ्या नरकात जातील!"

"तुझी सातवी पिढी यायला तू आधी जगायला पाहिजेस, गाढवा!" खामपुन काठावरून ओरडली. पण काठावरची माणसं सीथोनकडे बघून मान डोलावत होती. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मलाही म्हणवेना.

मग ती विहाराच्या थोरल्या भंतेंकडे गेली, आणि मला साक्षीला नेलं. थोरल्या भंतेंना दात नाहीत, त्यामुळे ते हसतात तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. सगळं ऐकताना त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

"चिन्ह कशावर आहे?" त्यांनी विचारलं.

"कागदावर, भंते."

"आणि काम कशात करायचं?"

"डबीत."

"मग कागद वर ठेवा आणि डबी खाली न्या. त्यात काय एवढं!"

"पण कागद सोलायचा कुणी, भंते? नखाने खरवडायचा? पाप लागेल म्हणतात."

भंते म्हणाले, "राजवाड्याने हा कागद चिकटवला तो तुमची माणसं वाचावीत म्हणून. ते काम होऊ दिलं नाही तर अवमान होईल. सगळ्या डब्या इथे आणा. कोमट पाणी आणा. माझ्यासमोर सोला."

संध्याकाळी विहाराच्या सभामंडपात सगळं गाव जमलं. बायका कोमट पाण्यात फडकी बुडवून एकेका डबीवर धरत होत्या, कागद सुटला की दोन बोटांनी अलगद उचलून चांदीच्या तबकात ठेवत होत्या. भंते मंत्र म्हणत होते. शेवटी ते तबक बुद्धमूर्तीच्या पायाशी ठेवलं, सगळ्यांनी डोकं टेकवलं, आणि मग भंतेंनी आपल्यासमोर फडकं पसरलं. बाईच्या हातून ते काही घेत नाहीत.

"खामपुन, एक डबी यावर ठेव," ते म्हणाले.

"तुम्हाला कशाला, भंते? तुम्हाला कच्चं वर्ज्य!"

"आता वर्ज्य आहे. चीवर अंगावर चढवायच्या आधी मीही याच नदीवर वाढलो, बाई. आणि माझं कोई-प्ला सीथोनपेक्षा चांगलं व्हायचं."

त्यानंतर जी झुंबड उडाली ती मी काय सांगू! भंतेंनी डबी घेतली म्हटल्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी आपल्याच पोटाची कौतुकं. मंडपात फक्त सीथोन नव्हता. त्याची डबी त्याच्या घरी, कागदासकट, देव्हाऱ्यात होती.

गाडी यायच्या सकाळी खामपुन उजाडताच नदीवर गेली. मी जाळ्याचा दोरा द्यायच्या निमित्ताने मागोमाग गेले. खरं सांगायचं तर मला ऐकायचं होतं. सीथोन गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळं झटकत होता. आज त्याने थट्टा केली नाही.

"ताई, बाबा दवाखान्यात गेले आणि भात कापणीच्या आत संपले," तो म्हणाला. "दादा गेला, त्याचंही तेच. आपल्या घरात ज्यानं ज्यानं तपासलं तो मेला. मी नाही तपासलं, मी हा उभा आहे."

"ते उशिरा गेले रे! पोट फुगल्यावर गेले."

"आणि माझ्यात निघालं तर? मग मी काय करू? रोज सकाळी उठून कसा राहू?"

खामपुन सरळ पाण्यात उतरली, चांगला नेसलेला कपडा भिजवत त्याच्यापाशी गेली.

"तुझ्याइतकीच मला भीती वाटते," ती म्हणाली. "तू जेवायला उशीर केलास की मी तुझे डोळे बघते, पिवळे झालेत का म्हणून. रोज बघते. आईबाप गेले, दादा गेला, मला नवरा नाही, पोर नाही. तू गेलास तर मी भाताची टोपली कुणापुढे उघडू रे? एकटीने जेवायचं का मी?"

सीथोनने जाळं गोळा केलं, फेकलं. खामपुन ओल्या कपड्यांनी परत आली. वाटेत ती रडली, आणि विहार दिसायला लागला तसे डोळे पुसून ओरडली, "चला, चला, आणा आपापला माल!"

त्या दिवशी बर्फाची पेटी भरून दुसरी आणावी लागली. लोक रांगेत उभे, पुन्हा रेशमी कपड्यांत. डॉक्टर पिमदावला डब्यांवरचे कागद कुठे गेले ते खामपुनने सांगितलं. ती क्षणभर गोंधळली, मग तबकापाशी जाऊन तिनेही हात जोडले आणि म्हणाली, "पुढच्या गावाला कागद वेगळे देऊ आम्ही. हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं, मावशी."

निघायच्या वेळी मी थवी ड्रायव्हरला वाटेत खायला केळीच्या पानातली एक पुडी दिली. बांबूच्या कोंबांचं वाफवलेलं कालवण, वर बांबूची काडी टोचलेली. पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? गाडी धूळ उडवत गेली. खामपुन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. तिच्या हातात सगळ्या गावाचं यश होतं, आणि तोंड मात्र पार उतरलेलं.

तेवढ्यात सीथोन दुकानात आला. त्याला माझ्याकडेही बघवत नव्हतं, खामपुनकडे तर नाहीच.

"दिलं," तो म्हणाला.

खामपुन ताडकन उठली. "काय दिलं?"

"तेच. तुझं ते. तू आत भंतेंपाशी होतीस तेव्हा गाडीपाशी जाऊन दिलं."

"अरे माझ्या राजा!" तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग एकदम थांबली. "पण तुझ्या डबीवर तर कागद होता. तू सोललास?"

"मी? एकट्याने? भंते नाहीत, मंत्र नाही! माझी नाही हिंमत झाली."

"मग दिलंस कशात?"

"केळीच्या पानात. नीट दुहेरी पान घेतलं, काडी टोचली."

"आणि दिलंस कुणाला?"

"ड्रायव्हरला. म्हटलं, डॉक्टरीणबाईंना द्या. लाज वाटली म्हणून जास्त बोललो नाही. तो म्हणाला, वा, वास चांगला येतोय. पण तो वास शेजारच्या पुडीचा असेल."

माझ्या हातातला बर्फ खाली पडला. शेजारची पुडी माझी होती.

खामपुनने सीथोनला काही म्हणायचीही सवड काढली नाही. तिने माझी मोटरसायकल दुकानाबाहेर काढली आणि मी मागे बसते न बसते तोच सोडली. चाळिशीतल्या आम्ही दोघी, रेशमी वस्त्रं गुडघ्यापर्यंत खोचलेली, भातशेतांमधल्या रस्त्याने म्हशी पळवत, कोंबड्या उडवत चाललो होतो. "देवा, त्याला भूक लागू देऊ नकोस, देवा, त्याला भूक लागू देऊ नकोस," असं खामपुन मोठमोठ्याने म्हणत होती. मी तिच्या पाठीला घट्ट धरून डोळे मिटले होते.

हमरस्त्याच्या तिठ्यावर शेवयांची टपरी आहे. तिथे गाडी उभी दिसली. थवी बाकावर बसला होता, पुढ्यात चिकट भाताची टोपली, मिरचीची चटणी, आणि केळीच्या पानाच्या दोन पुड्या. एक उघडलेली होती. दुसरीची काडी त्याच्या बोटांत होती.

"थांबा!" खामपुन इतक्या जोरात किंचाळली की टपरीवालीच्या हातातला डाव खाली पडला. "ते खाऊ नका! तो माझा भाऊ आहे!"

थवीने पुडीकडे पाहिलं, खामपुनकडे पाहिलं. "कोण भाऊ आहे?" तो म्हणाला.

मी उघडलेल्या पुडीत डोकावले. बांबूचे कोंब. मी तशीच जमिनीवर बसले. खामपुनने दुसरी पुडी त्याच्या हातून दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या डॉक्टर पिमदावपुढे धरली. "डॉक्टरीणबाई, हा सीथोनचा नमुना. राहिला होता."

डॉक्टरला सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग तिने चष्मा काढला, आणि टपरीच्या खांबाला धरून ती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. थवी मात्र हसला नाही. त्याने उरलेला भात कोंबडीला घातला, आणि मी ऐकते की आजही तो कुणाच्या हातची पुडी आधी उघडून, दुसऱ्याला चाखायला देऊन मगच खातो.

निकाल आले तेव्हा गावातल्या अर्ध्याअधिक माणसांच्या पोटात किडा निघाला. माझ्या निघाला, भंतेंच्याही. खामपुनच्या नाही, आणि त्याची तिने इतकी शेखी मिरवली की मी तिला चार दिवस उधारी बंद केली. औषध राजवाड्याच्या खर्चाने आलं. गोळ्या घेतल्या त्या दिवशी सगळ्यांची डोकी गरगरत होती. सगळं गाव विहाराच्या मंडपात चटयांवर आडवं, आणि भंते मधोमध कण्हत सगळ्यांना धीर देत होते. अशी गंमत मी दुसरी पाहिली नाही.

सीथोनचा किडा गोळ्यांनी गेला. पण इतकी वर्षं राहून त्याने आत काय करून ठेवलं होतं, ते बघायला डॉक्टरने मंडपात सोनोग्राफीचं यंत्र लावलं. सीथोन पालथ्या हाताने डोळे झाकून पडला होता. खामपुन त्याचा पाय धरून बसली होती, आणि यंत्राच्या पडद्यावर जे काळंपांढरं हलत होतं त्याकडे बघत होती. डॉक्टर पोटावर ते गार यंत्र फिरवत राहिली, पुन्हा मागे नेलं, पुन्हा पुढे.

"नळ्या थोड्या जाड झाल्यात," ती शेवटी म्हणाली. "पण गाठ नाही. कुठेही नाही. कच्चा मासा बंद, आणि दरवर्षी मला दाखवायचं. वेळेवर आलात, काका."

"म्हणजे?" सीथोनने हात काढला नाही. "म्हणजे मी आहे?"

"आहात," डॉक्टर म्हणाली.

खामपुनने त्याच्या पावलावर कपाळ टेकलं. थोरल्या बहिणीने धाकट्याच्या पायाला डोकं लावायचं नसतं, आमच्यात तर अजिबात नाही. भंतेंनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

याला आता बरीच वर्षं झाली. डॉक्टर पिमदाव अजून वर्षाकाठी येते, तिचेही केस पिकायला लागलेत. राजवाड्याचा आश्रय आम्ही एरवी तसबिरीत बघतो, सणाला दिवे लावून बघतो. गेल्या महिन्यात मी तो माझ्या दुकानात बघितला. खामपुन सीथोनला कानाला धरून आत घेऊन आली. तो मासे विकून येत होता, ओरडत होता, "सोड ना, ताई, लोक बघतायत!"

"बघू देत!" ती म्हणाली. तिने त्याचं डोकं माझ्या गल्ल्यावर वाकवलं, केस बोटांनी बाजूला केले आणि गिऱ्हाइकांना हाका मारून बोलावलं. "या, या, बघा! हा बघा पांढरा! हा दुसरा! मागे तर अख्खी बट आहे!"

कुणी म्हणालं, यात बघायचं काय, म्हातारपण सगळ्यांनाच येतं. खामपुन हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"आमच्यात नाही येत," ती म्हणाली. "आमच्या घरात केस पिकलेला पुरुष मी आज पहिल्यांदा बघतेय."